इद्दतीचे १३० दिवस आणि घरातले कागद

या महिन्याच्या स्तंभासाठी आम्ही दुसराच विषय ठरवला होता. मध्येच शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीला एका घरी ताजियतीला जाणे झाले आणि तो विषय बाजूला राहिला.

जाणे फार उशिरा झाले. इंतेकालला चार महिने उलटून गेले होते. घरातल्या खालांची इद्दत दोनच दिवसांपूर्वी पुरी झाली होती. दुआ झाली, चहा झाला. मग खालांनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि आमच्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "भाई, तुम्ही कागदपत्रांवर लिहिता ना? मग हे बघा. यातलं मला कोणी काही सांगितलं नाही. इद्दतीत बाईने या भानगडीत पडायचं नसतं म्हणाले."

थोरला मुलगा शेजारीच बसला होता. मुलगा वाईट नाही. वडिलांच्या आजारपणात नंदुरबार आणि सुरत अशी सगळी धावपळ त्यानेच केली होती. धाकटा दहावीत आहे, बहीण लग्न होऊन सासरी. वडिलांची तीन एकर जमीन, एक छोटा हत्ती, बँकेत खाते, विकास सोसायटीचे पीककर्ज. आपल्या शेकडो घरांसारखे घर. पिशवीत सुरतेचा मृत्यूचा दाखला निघाला, बँकेचे पासबुक निघाले, गाडीचे आरसी बुक, सातबारा आणि शेवटी एक अर्धवट भरलेले वारसांचे प्रतिज्ञापत्र. या पाच कागदांनीच आजचा स्तंभ भरला आहे.

कागद उघडण्याआधी थोडा हिशेब करू. शौहरच्या मृत्यूनंतरची इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे ढोबळमानाने १३० दिवस. गरोदर बाईची बाळंतपणापर्यंत. आता सरकारी मुदती पाहा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत. विम्याचा दावा साधारण ३० दिवसांत. गाडीच्या मालकाचा मृत्यू आरटीओला ३० दिवसांत कळवायचा आणि गाडी नावावर करण्याचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा. जमिनीच्या वारसाची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची. एकूण एक मुदत इद्दतीच्या आतच संपते. म्हणजे ज्या बाईचे सर्वांत जास्त पणाला लागलेले असते, ती घराबाहेर पाऊल टाकते तेव्हा सगळे अर्ज देऊन झालेले असतात किंवा सगळ्या मुदती गेलेल्या असतात.

इद्दतीत बाईला कागद दाखवू नयेत, असे कोणत्या किताबात आहे ते आम्हाला सापडले नाही. इद्दत म्हणजे त्या काळात दुसरा निकाह नाही, साजशृंगार नाही, राहणे शौहरच्या घरात. घरात बसून पासबुक वाचायला, अर्जावर सही करायला काहीच आडकाठी नाही. हनफी फिकहप्रमाणे तर विधवेला गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर जाता येते, रात्र मात्र आपल्या घरी काढायची. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या खालांची हकीकत आहे. त्या तलाकच्या इद्दतीत होत्या आणि आपल्या बागेतल्या खजुरा उतरवायला निघाल्या. एकाने अडवले. त्यांनी प्रेषित (स.) यांच्याकडे विचारणा केली, तेव्हा जाऊन खजुरा उतरवायची परवानगी मिळाली. बाईची शेती आणि बाईचे उत्पन्न इद्दतीतही तिचेच असते. शंका असेल त्यांनी आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे. बँकेत अंगठा द्यायला अर्धा तास जाणे ही गरज आहे की नाही, असा सरळ प्रश्न विचारला तर उत्तरही सरळ मिळते.

आता पहिला कागद, मृत्यूचा दाखला. इंतेकाल सुरतेच्या एका रुग्णालयात झाला होता. मय्यत रातोरात गावी आणली आणि दुसऱ्या दिवशी जोहरनंतर दफन झाले. महिनाभराने थोरला ग्रामपंचायतीत दाखला मागायला गेला, तेव्हा कळले की तो तिथे मिळणारच नाही. ही चूक नंदुरबार जिल्ह्यात वारंवार होते, कारण आपले आजारी माणूस एक तर गुजरातेत जाते, नाही तर धुळ्याला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. माणूस राहतो कुठे किंवा दफन कुठे झाला, याचा त्याच्याशी संबंध नाही. सुरतेत झाला तर सुरत महापालिकेत, सीमेपलीकडे खेतियाला झाला तर मध्य प्रदेशात, घरी झाला तर आपल्या ग्रामपंचायतीत. वाटेत रुग्णवाहिकेत झाला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथली नोंद, आणि ती खबर देण्याची जबाबदारी गाडीच्या चालकावर असते.

रुग्णालयातला मृत्यू रुग्णालयच नोंदणी कार्यालयाला कळवते. पण कळवते ते तुम्ही भरून दिलेल्या फॉर्मवरून. ब्राह्मणपुरीच्या या घरी तो फॉर्म रात्री दोन वाजता पुतण्याने भरला होता. आधारवर जे नाव आहे ते त्याने लिहिले नाही, सगळे ज्या नावाने हाक मारत ते लिहिले. दाखल्यावर तेच आले, तेही इंग्रजी आणि गुजरातीत. सातबाऱ्यावर तिसरेच नाव. आता बँक म्हणते हा आमचा खातेदार नाही.

आपल्या नावांचा हा जुनाच घोळ आहे. खानदेशात 'शेख' एकाच माणसाच्या नावात दोनदा येते, एकदा त्याच्या नावाआधी आणि एकदा वडिलांच्या नावाआधी. संगणकाच्या फॉर्ममध्ये नाव, मधले नाव, आडनाव असे तीन चौकोन असतात. त्यांत ते कसे बसवायचे हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवले. कुठे खान, कुठे खाँ. बायकांच्या नावामागे कुठे बी, कुठे बाई, कुठे बेगम. त्यात जिल्ह्याचाही फरक. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून वडिलांच्या वयाच्या माणसांच्या जुन्या कागदांवर 'जि. धुळे' असते. तो फरक कोणी अडवत नाही. नावाचा मात्र हमखास अडवतात.

म्हणून कोणी गंभीर आजारी असेल आणि दवाखान्यात न्यायचे असेल, तर आधार कार्डाची छायाप्रत सोबत ठेवा आणि फॉर्म भरणाऱ्याला सांगा की यात आहे तसेच, त्याच अक्षरांनी लिही. हे लिहिताना आम्हालाही बरे वाटत नाही. आजारी माणसाच्या उशाशी मृत्यूच्या फॉर्मचा विचार कोण करतो? पण आधारची प्रत तर इलाजासाठीही लागतेच.

नोंद चुकली असेल तर कायद्याच्या १५ व्या कलमाखाली दुरुस्ती होते. दुरुस्ती नोंद झाली त्याच निबंधकाकडे होते, या घराच्या बाबतीत सुरतेत. आधार, शाळेचा दाखला यांसारखे जुने पुरावे आणि ओळखणाऱ्या दोन विश्वासू माणसांचे निवेदन घेऊन जावे लागते. बहुतेक लोक तेवढे कष्ट टाळून 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र करतात. ते एका बँकेत चालते, दुसरीकडे चालत नाही, आणि दर वेळी नवे करावे लागते. एकदा भाडे खर्चून मूळ नोंदच दुरुस्त करून घेतलेली परवडते. दाखल्याच्या प्रतीही एकदमच आठ-दहा घ्याव्यात.

घरी इंतेकाल झाला तर वेगळी अडचण येते. आपल्याकडे दफनाची घाई असते आणि ती योग्यच आहे. पण गुसलआधी जवळच्या डॉक्टरला बोलावून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मागायला कितीसा वेळ लागतो? आजारात ज्याने तपासले त्या डॉक्टरने ते विनामूल्य द्यायचे असते. आशाताई आणि पोलीस पाटील यांना त्याच दिवशी कळवावे. नोंद करून घेणे हे ग्रामसेवकाचे काम, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. खबर देण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र घरप्रमुखाची.

आणि एक गोष्ट गावोगावच्या कबरस्तान कमिट्यांसाठी. याच कायद्याच्या दहाव्या कलमात दफनभूमीच्या राखणदारावरही मृत्यूची सूचना देण्याचे कर्तव्य घातले आहे. एक शंभर पानी वही, तिच्यात नाव, वडिलांचे किंवा शौहरचे नाव, वय, इंतेकालची तारीख आणि ठिकाण, दफनाची तारीख, खबर देणाऱ्याची सही. खर्च काहीच नाही. दहा वर्षांनी एखाद्या घराची नोंद राहून गेल्याचे लक्षात येते तेव्हा ही वही कामाला येते.

कारण राहून गेलेली नोंद आता सोपी उरलेली नाही. २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. पुढे वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागदपत्र लागते. वर्ष उलटले की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने हे अधिकार कोर्टाकडून त्यांच्याकडे आले. शिवाय २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उशिराच्या नोंदींसाठी फार कडक कार्यपद्धती लावली. त्यामागच्या राजकारणावर लिहायची ही जागा नाही. आपल्या नावाच्या अर्जाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते हे वाचकांना माहीत आहे. २१ दिवसांच्या आत गेलेल्या माणसाला त्या नजरेखालून जावेच लागत नाही.

दुसरा कागद पासबुक. आम्ही ते शेवटच्या पानापासून मागे वाचत गेलो. मे महिन्याच्या अखेरीस एक नोंद होती, ४३६ रुपये वजा. थोरल्याला विचारले, हे काय? तो म्हणाला, बँकेचा काही चार्ज असेल. तो चार्ज नव्हता, प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वार्षिक हप्ता होता. १८ ते ५० वयात खातेदार यात सामील होऊ शकतो, वयाच्या ५५ वर्षांपर्यंत संरक्षण राहते आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. मरहूम ५२ वर्षांचे होते. नॉमिनी म्हणून खालांचे नाव होते. चार महिने २ लाखांचा हक्क त्या पिशवीत पडून होता.

दावा ३० दिवसांत करावा असे सांगितले जाते. उशीर झाला म्हणून आपणच हात झटकू नयेत. अर्ज, दाखला, पासबुक आणि नॉमिनीचे आधार घेऊन बँकेत लेखी दावा द्यावा आणि पोच घ्यावी. थोरला दुसऱ्याच दिवशी जातो म्हणाला. प्रत्येक घराने आपल्या पासबुकात अशा दोन नोंदी शोधाव्यात, ४३६ आणि २०. वीस रुपयांची नोंद प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची, ती अपघाती मृत्यूसाठी, तीही २ लाखांची.

पासबुकात आणखीही काही दिसले. इंतेकालनंतर तीन वेळा एटीएममधून पैसे निघाले होते. पिन मुलाला माहीत होता. चाळिसाव्याचा मंडप, देगी, आणलेली माणसे. हे बहुतेक घरांत होते आणि कोणाला त्यात गैर वाटत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. खातेदार वारला की ते खाते गोठते. त्याच्या कार्डाने पैसे काढणे बेकायदा आहे आणि उद्या दुसऱ्या वारसाने तक्रार केली तर अंगाशी येते. बँकेचा नियम क्षणभर बाजूला ठेवा. माणसाने शेवटचा श्वास घेतला त्या क्षणी त्याचा पैसा त्याचा राहिला नाही, तो वारसांचा झाला. त्यात या घरी दहावीतला धाकटा आहे, म्हणजे यतीम आहे. सूरह अन-निसाच्या दहाव्या आयतीत यतीमांचा माल खाणाऱ्यांविषयी काय सांगितले आहे ते ज्याने त्याने घरी उघडून वाचावे. तीजा, चाळिसावा करावा की नाही यावर मसलकांत मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. ज्याला करायचे आहे त्याने स्वतःच्या खिशातून करावे. देगीतला घास यतीमाच्या वाट्यातून आलेला आहे हे जेवायला बसलेल्यांना कुठे माहीत असते!

नॉमिनीबद्दलही एक गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे ताब्यात घेणारा माणूस. मालक नव्हे. खात्यातली शिल्लक त्याने सर्व वारसांत त्यांच्या हिश्शाप्रमाणे वाटायची असते. नॉमिनी असेल तर बँकेचे काम सोपे होते आणि पूर्ण कागद दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर दिवाणी कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र मागितले जाते, त्यात वेळही जातो आणि पैसाही. आज हा स्तंभ वाचून दुसरे काही जमले नाही तरी घरातल्या प्रत्येक खात्यावर नॉमिनी आहे का, एवढे पाहून घ्या. आणि मरहूमचा मोबाईल नंबर लगेच बंद करू नका, अनेक ठिकाणचे ओटीपी त्याच्यावर येतात.

इथे जरा आडवळण घेतो, कारण सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना हे माहीत हवे. हा मृत्यू आजाराने झाला. पण शेतात साप चावून, वीज पडून, विहिरीत बुडून किंवा मोटारीचा करंट लागून शेतकरी गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळू शकतात. वय १० ते ७५, आणि शेतकऱ्याच्या घरातली एक बिगर खातेदार व्यक्तीही त्यात बसते. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. पंचनामा आणि शवविच्छेदनाचे कागद मागतात, आणि इथेच आपली घरे अडतात. मय्यतीची चिरफाड नको म्हणून पोलिसांना न कळवता दफन करतात. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण अपघाती मृत्यूची खबर पोलिसांना देणे आणि त्यांनी सांगितलेली तपासणी होऊ देणे हे कायद्याचे बंधन आहे, आणि ते टाळल्याने मागे राहिलेल्या लेकरांचे पैसे बुडतात.

गाडीचे थोडक्यात. एमएच ३९ ची गाडी म्हणजे नंदुरबारचे कार्यालय. ३० दिवसांत कळवले तर वारसाला तीन महिने ती गाडी चालवता येते, त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची. विमाही नव्या नावावर करायचा. या घरची गाडी चार महिने वारलेल्या माणसाच्या नावावर भाजीपाला घेऊन सुरतेला जात होती. मध्ये अपघात झाला असता तर विमा कंपनीने काय उत्तर दिले असते याचा विचार थोरल्याने केला नव्हता. आम्ही तो बोलून दाखवल्यावर तो गप्प झाला.

रेशनकार्डातून नाव कमी करणे हे किरकोळ काम आहे, सावकाश झाले तरी चालते. मात्र कमावता माणूस गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर तहसील कार्यालयात राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा अर्ज द्यावा. मृताचे वय १८ ते ५९ असेल तर एकरकमी २० हजार मिळतात. विधवेला संजय गांधी निराधार योजनेत दरमहा १५०० रुपये. तिथे उत्पन्नाची अट फार कडक आहे, वर्षाला २१ हजार, त्यामुळे तीन एकरवाल्यांना ते मिळणे अवघड.

आता राहिला सातबारा, आणि त्यासोबतचे अर्धवट प्रतिज्ञापत्र.

त्यात वारस म्हणून दोन नावे होती. थोरला आणि धाकटा. खालांचे नाव नाही, मुलीचे नाव नाही. आम्ही थोरल्याकडे पाहिले. तो म्हणाला, "बहिणीला लग्नात दिलंच की अब्बांनी. आणि अम्मी तर माझ्याजवळच राहणार. कागद लिहिणारा म्हणाला, शेतजमिनीला शरीअत लागत नाही."

कागद लिहिणाऱ्याचे अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. १९३७ च्या मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरीअत) लागूकरण अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे, हे खरे. पण त्याचा अर्थ शेतजमीन फक्त मुलांची, असा होत नाही. महाराष्ट्रात मुस्लिमांच्या शेतीच्या वारशासाठी निराळा कायदा केलेला नाही. आमच्या घराण्यात मुलींना न देण्याची रूढी आहे असे कोणाला म्हणायचे असेल, तर ती कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. आणि पवित्र कुरआनने हिस्से ठरवताना शेत वेगळे, घर वेगळे, रोकड वेगळी असा भेद केलेला नाही.

लग्नात दिलेले ते वडिलांनी हयातीत दिलेली भेट होती. मुलाच्या लग्नातही खर्च झाला, त्याच्यासाठी गाडी घेतली, तो हिशेब कोणी वारशातून वजा करत नाही. मग मुलीचाच का करायचा?

हिस्से काढायला अवघड नाहीत. सूरह अन-निसाच्या ११ आणि १२ व्या आयतीत ते आहेत. मुले असतील तर बायकोला आठवा हिस्सा, उरलेले मुलगा दोन आणि मुलगी एक या प्रमाणात. मरहूमचे आई-वडील हयात असते तर प्रत्येकाला सहावा हिस्सा आधी गेला असता, या घरी ते नाहीत. एकर म्हणजे ४० गुंठे. त्यातले ५ गुंठे खालांचे, १४ थोरल्याचे, १४ धाकट्याचे, ७ मुलीचे. तीन एकरांत खालांचे १५, भावांचे ४२-४२, बहिणीचे २१. पासबुकाच्या मागे आम्ही हा हिशेब लिहिला तेव्हा खाला म्हणाल्या, "म्हणजे माझेपण आहेत?" इतक्या वर्षांचा संसार झाल्यावर त्या हे विचारत होत्या.

थोरल्याची खरी भीती वेगळी होती. नाव लागले की जमीन फुटेल, जावई वाटणी मागेल. नाव लागणे म्हणजे वाटणी नव्हे. वारस नोंदीने सगळ्यांची नावे सातबाऱ्यावर सामाईक लागतात, बांध जागचा हलत नाही. पेरणार तोच पेरेल. फरक एवढाच की उद्या जमीन विकली किंवा संपादनात गेली तर पैसा सर्वांना विचारून आणि सर्वांना मिळेल. धाकट्याचे नाव अज्ञान म्हणून लागेल आणि पालनकर्ता म्हणून आईचे. त्याचा हिस्सा विकायचा झाल्यास कोर्टाची परवानगी लागते. पूर्वी काही ठिकाणी थोरल्याचे एकट्याचे नाव 'एकत्र कुटुंब कर्ता' म्हणून लावत. मुस्लिम कायद्यात एकत्र कुटुंबाचा कर्ता ही कल्पनाच नाही. ज्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासून तसे पडलेले असेल त्यांनी दुरुस्तीचा अर्ज द्यावा.

रीत अशी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४९ व्या कलमाप्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला खबर द्यायची. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्ज ई-हक्क प्रणालीवरही देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, वये, पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र. नोंद आधी वारस नोंदवहीत, मग फेरफाराला येते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, नंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. तीन महिने उलटले तरी नोंद होते. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर झाली ती मयतांची नावे कमी करून वारस लावण्यासाठीच. ज्या बहिणीचे नाव प्रतिज्ञापत्रातच नाही तिला मात्र नोटीस जाणार नाही. तिने गावाचा सातबारा मोबाईलवर अधूनमधून पाहावा. चुकीचा फेरफार मंजूर झालाच तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते. खोटे वारस लिहिणाऱ्यावर गुन्हाही होऊ शकतो, हे थोरल्याला ठाऊक नव्हते.

बहिणी स्वतःच म्हणतात, आम्हाला नको, माहेर राहू दे. हक्कसोडपत्राच्या अनेक सह्या याच भीतीतून होतात. आमचे म्हणणे असे की आधी नाव लागू द्या, हिस्सा हातात येऊ द्या. त्यानंतर बहिणीने राजीखुशीने भावाला दिला तर ती तिची भेट. जे तिच्या हातात कधी आलेच नाही ते तिने सोडले कसे?

वाटणीआधी मरहूमचे देणे फेडायचे असते. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि त्यानंतर वारसा. प्रेषित (स.) जनाजा समोर आल्यावर मय्यतीवर कर्ज आहे का ते विचारत असत. आपल्याकडेही मुलगा जनाज्यासमोर उभा राहून सांगतो की कोणाचे देणे असेल तर माझ्याकडे या. ही चांगली रीत आहे. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या कमाईतून फेडण्याची सक्ती नाही. सोसायटीत जाऊन पीककर्जाची बाकी लेखी घ्यावी, तोंडी आकड्यावर जाऊ नये.

त्या देण्यांत एक देणे बहुतेक यादीत कधी येत नाही. मेहर. न दिलेला मेहर हे शौहरवरचे कर्ज आहे, शरीअतमध्येही आणि देशाच्या कोर्टांतही. तो वारशाच्या आठव्या हिश्शाहून वेगळा, आणि त्याच्या आधी द्यायचा. आपल्याकडे मात्र मय्यत घरात असताना बायका विधवेला पुढे बसवतात आणि मेहर माफ केला असे म्हणायला लावतात. सूरह अन-निसाच्या चौथ्या आयतीत मेहरमधले काही सोडायचे तर ते बाईच्या मनाच्या खुशीने, अशी अट आहे. त्या घटकेला कोणत्या बाईचे मन ठिकाणावर असते?

आम्ही खालांना विचारले, तुम्ही माफ केला होता का? म्हणाल्या, "सगळ्या म्हणत होत्या म्हण, म्हण. मी काय म्हटलं ते मला आठवत नाही."

थोरला उठला. आतून पत्र्याची पेटी आणली. निकाहनामा तळाशी होता, घडीवर फाटलेला, उर्दूत. मेहर ५ हजार १ रुपये, उधार. त्याने सोसायटीच्या कर्जाचा आकडा ज्या कागदावर लिहिला होता त्याच कागदावर, त्याच्या खाली, तो लिहून घेतला. मग बहिणीला फोन लावला आणि तिच्या आधारवर नाव नेमके कसे आहे, ते एकेक अक्षर करून सांग म्हणाला.